भरावाखालची जांभळी

भामाने पिशवीचं तोंड सैल केलं आणि ओंजळीने जांभळं काढून ती खडीवर ठेवू लागली. पिशवी उलटी केली असती तर काम लवकर उरकलं असतं, पण ओतलेली जांभळं गडगडतात, फुटतात आणि खडीच्या फटीत जातात. म्हणून ती वाकून थोडी थोडी ठेवत होती. सगळी ठेवून झाल्यावर तिने गुडघ्यांवर हात टेकून पाठ सरळ केली आणि समोर पाहिलं. डोंगरामागे उजाडलं होतं, ऊन अजून खाली उतरलं नव्हतं.

भरावाच्या पलीकडच्या टोकाला कंटेनर एकावर एक रचलेले होते. न्हावा शेव्याहून येणारे ट्रेलर तिथे रिकामे व्हायचे आणि परत भरून जायचे. अलीकडच्या टोकाला मात्र अजून काही उभं राहिलं नव्हतं. नुसती खडी, मुरूम आणि कुठे कुठे रुईचं झुडूप. भामाने रिकामी पिशवी घडी घालून कमरेला खोचली आणि नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने माकडं आली.

पुढे नेहमीप्रमाणे कानतुटकी होती. ही टोळीतली म्हातारी माकडीण. तिचा डावा कान कधीतरी भांडणात अर्धा गेला होता. तिच्यामागून पोराबाळांसकट बाकीची. डोंगर उतरून ती नव्या रस्त्याच्या कडेला थांबली. एक ट्रेलर धडधडत गेला, मग सगळी रस्ता ओलांडून भरावावर चढली. एवढ्या मोठ्या, सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या सपाट जागेवरून कानतुटकी कुठेही न घुटमळता चालत आली आणि जिथे थांबायचं तिथेच थांबली. जांभळं समोर पडलेली असूनही तिने आधी मान वर करून पाहिलं.

वर काहीच नव्हतं. पण ती दरवर्षी आधी वर बघायची, मग खाली.

तिथे जांभळी होती. भामाच्या नवऱ्याच्या, कमळाकरच्या आज्याच्या वेळची. एका माणसाच्या कवेत न मावणारी. बांधावर उभी राहून ती अर्ध्या शेतावर सावली धरायची. त्या कोपऱ्यात भात कधी नीट पिकलं नाही, तरी तिला कोणी हात लावला नव्हता. मग कोन गावाच्या आसपास गोदामं आली, रस्ते आले आणि शेत कंपनीला गेलं. भरावाचं काम भामाच्याच मुलाला, मितेशला मिळालं. त्याचे स्वतःचे डंपर होते. त्याने जांभळी तोडून घेतली आणि शेतात पुरुषभर उंचीचा मुरूम ओतला. बांध, विहीर, आडवी-तिडवी खाचरं, सगळं एका पातळीत आलं.

त्या जांभळीखाली आपला थोरला भाऊ आहे, हे मितेशला माहीत नव्हतं.

पोर बारसं होऊन, हसायला लागून मग तापाने गेलं होतं. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बायका जात नाहीत. सासूने भामाच्या मांडीवरून त्याला उचललं, तेव्हा भामाची चोळी दुधाने भिजलेली होती. कमळाकर आणि त्याचा भाऊ दादू त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. भामा उंबऱ्याच्या आत उभी राहिली. परत आल्यावर कमळाकर एवढंच म्हणाला, "जांभळीखाली ठेवला." पुढे मितेश पोटात असताना सासूने बजावलं, की गेलेल्याचं नाव काढायचं नाही, येणाऱ्याला ते बरं नसतं. भामाने नाव काढलं नाही. मितेश झाला, चालायला लागला, शाळेत गेला, त्याचं लग्न झालं. आता नाव काढलं तरी चालेल, असं सांगायला सासू तोपर्यंत उरली नव्हती.

जांभूळ खाणं मात्र भामाने तेव्हापासून सोडलं.

भराव पूर्ण झाल्यावर ती कमळाकरला घेऊन तिथे गेली होती. कमळाकर थोडा इकडे चालला, थोडा तिकडे चालला. ज्या खुणांवरून तो शेतात डोळे मिटून फिरायचा, त्या सगळ्या खुणा खाली गेल्या होत्या. शेवटी तो म्हणाला, "इथंच कुटंतरी," आणि खडीवर बसून राहिला.

त्यानंतरच्या ज्येष्ठात माकडं उतरली. जांभळं पिकायच्या दिवसांत ती दरवर्षीच उतरत. आधी डोंगरावरची करवंदं, मग ओढ्याकाठचा उंबर, मग ही जांभळी, असा त्यांचा क्रम भामाला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होता. पण या वेळी ती झाड नसताना आली. कानतुटकी भरावावरून सरळ चालत आली, एका ठिकाणी थांबली आणि मान वर करून बघत राहिली. बाकीची तिच्याभोवती बसली. मोरीवर बसलेली भामा उठून उभी राहिली होती.

माकडं तशीच परत गेली. जिथे काही मिळत नाही तिथे ही किती वर्षं येतील, हा विचार भामाच्या डोक्यातून गेला नाही. ती यायची थांबली, की ती जागा जगात कोणालाच ठाऊक असणार नव्हती. पुढच्या वर्षीपासून भामा उरण नाक्यावरून जांभळं आणू लागली. तिथे ठमाबाई नावाची कातकरीण टोपली घेऊन बसायची.

"आजी, एवढ्या जांभळांचं करतंस काय? दारू गाळतंस?"

"म्हाताऱ्याला साखर हाय."

"मंग म्हाताऱ्याला जेवाया नुसती जांभळंच घालतंस वाटतं! बिचारा."

भामा हसायची आणि पिशवी पुढे करायची. कमळाकरला साखर नव्हती.

*

घरी सगळे चहाला बसले होते. नव्या बंगल्याच्या दारात कमळाकर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. आठ वर्षांची इरा बशीत बिस्कीट बुडवून ते तुटायच्या आत तोंडात टाकायचा खेळ खेळत होती.

"आई, काल बेसिनवर जांभळे डाग होते," भामाची सून, पूर्वी, म्हणाली. "मी इराला ओरडले, मला वाटलं हिनेच कलर सांडला. तुम्ही तर जांभूळ खात नाही ना?"

"घेतली व्हती कोनाला तरी."

"कोणाला?"

तेवढ्यात मितेशने फोन टेबलावर आपटला.

"परत त्या यार्डच्या सुपरवायझरचा मेसेज. रोज सकाळी माकडं येतात, ड्रायव्हर लोक वैतागलेत. कोनतरी मुद्दाम फळं टाकतंय बोलतो. आनि माझ्यावर चढतो, तुमच्या गाववाल्यांना समजवा! सापडू दे एकदा. सगळी टोळी नेऊन त्याच्याच घरात सोडतो."

"पप्पा, आपल्याच घरी सोडा ना," इरा म्हणाली. "एक मला. बारकंसं."

"एक हाय की आधीच घरात."

इरा त्याच्या पाठीवर चढली. त्या गडबडीत कमळाकर खुर्चीतून उठला आणि आत गेला. भामा हात धुवायला गेली तेव्हा बेसिनच्या कडेला अर्धं चिरलेलं लिंबू ठेवलेलं होतं. जांभळाचा डाग साबणाने जात नाही, लिंबाने जातो. या दिवसांत ते लिंबू दरवर्षी तिथे असायचं. कमळाकरने त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं आणि भामाने कधी सांगितलं नव्हतं.

*

कृष्णकांत गुरुजींना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सुट्टी लागली की ते गावातली पाच-सहा मुलं गोळा करून सकाळी डोंगराच्या पायथ्याशी फिरायला निघायचे. इरा त्यांच्यात असायची. दुसऱ्या दिवशी मुलं मोरीवर पोचली, तेव्हा भामा आधीच तिथे बसलेली होती. गुरुजींनी तिला मान लववून नमस्कार केला आणि मुलांना कठड्यावर ओळीने बसवलं. माकडं नुकतीच जांभळांवर बसली होती.

"गुरुजी, त्याला गालगुंड झालंय!" प्रांजल ओरडली.

"हळू. तो पळाला तर त्याचं गालगुंड कसं बघणार आपण? नीट बघ. तो खातोय का?"

"नाही. नुसता कोंबतोय."

"डबा भरतोय तो. माकडांच्या गालात आतून पिशवी असते. उघड्यावर बसून खायची त्यांना भीती वाटते. म्हणून इथे भरभर भरायचं आणि आपल्या जागेवर जाऊन सावकाश खायचं. त्यांची जागा कुठली?"

"कातळ!" दोघं-तिघं एकदम म्हणाले. डोंगराच्या सोंडेवर एक मोठा काळा कातळ होता. दुपारी टोळी तिथे पसरलेली सगळ्यांनी पाहिली होती.

"बरोबर. मग तिथे बसून गर खाल्ला, की बीचं काय करतील?"

"थुंकतील," असं म्हणून इराने थुंकूनही दाखवलं. मुलं खिदळली.

"इरा, तुझं झाड आता माझ्या चपलेवर उगवणार," गुरुजी पाय मागे घेत म्हणाले. "पण उत्तर बरोबर आहे. झाडाला चालता येत नाही. आणि झाडाचं पोर झाडाच्याच सावलीत धड वाढत नाही, त्याला ऊन मिळत नाही. मग झाड काय करतं? फळ गोड करतं. कोणीतरी यावं आणि याला इथून लांब घेऊन जावं, म्हणून."

भामा पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. ते तिने सोडलं आणि परत गुंडाळायला सुरुवात केली.

"पण इथे तर झाडच नाही," प्रांजल म्हणाली. "मग ही जांभळं कुठून आली?"

गुरुजींनी भरावाकडे पाहिलं.

"कोणीतरी आणतं. टाकलेली नाहीत, बघ, ठेवलेली आहेत. मला एवढंच दिसतं." मग त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "मला काळजी याची आहे. ती पुढची म्हातारी आहे ना, तिच्या डोक्यात सगळा डोंगर आहे. कुठलं झाड कुठे, कुठलं कधी पिकतं, कुठून कुठे जायचं. तिच्या आईबरोबर फिरताना ती हे शिकली, आता बाकीची तिच्यामागे शिकतात. पण हा रस्ता गेल्या वर्षी नव्हता. तो तिच्या डोक्यात नाही. इथे खायला मिळत राहिलं तर ती सगळ्यांना घेऊन येत राहणार."

"आनि नाय मिळालं तर?" भामाने विचारलं.

"तर थोडी वर्षं येऊन बघून जातील, वहिनी. मग ही वाट सोडतील."

हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

भामा त्या दिवशी घरी जाताना रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एकामागोमाग एक ट्रेलर जात होते. हे वर्ष तेवढं होऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं. जांभळांचे दिवस असतात तरी किती.

*

त्याच आठवड्यात ते झालं.

तिने जांभळं ठेवली होती आणि ती मोरीवर येऊन बसत होती. रस्त्यावर हॉर्न वाजला, लांबलचक, आणि धूळ उडाली. निम्मी टोळी उलटी डोंगराकडे पळाली, निम्मी भरावावर चढली. ट्रेलर पुढे निघून गेला. धूळ खाली बसल्यावर एक माकडीण रस्त्याच्या मधून उठून आली. ती तीन पायांवर चालत होती. एका हाताने तिने पिल्लू छातीशी धरलं होतं. पिल्लाची मान मागे लोंबत होती.

ती बाकीच्यांबरोबर जांभळांपाशी आली, पण खायला बसली नाही. थोडी बाजूला बसली, पिल्लू मांडीत घेतलं आणि त्याच्या अंगावरचे केस बोटांनी बाजूला करून बघू लागली, रोज बघायची तसंच.

मुलं आली तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

"ते झोपलंय का?" इराने विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"नाही बाळा. ते मेलंय."

"मग तिला कळत नाही का?"

"कळत असेल. नसेलही. मला नाही सांगता येत."

"मग ती त्याला खाली का ठेवत नाही?"

"ठेवेल. आज नाही, उद्याही नाही. कधी कधी पार वाळून जाईपर्यंत घेऊन फिरतात. मग एक दिवस आपणहून कुठेतरी ठेवून देते."

"तिच्याकडनं कोन घेत नाय?" भामा म्हणाली.

"नाही, वहिनी. बाकीची तिच्याजवळ येऊन बसतात. पण तिच्या हातातून ते कोणी घेत नाही."

भामाने मांडीवरचे हात पालथे केले. तळवे जांभळे झालेले होते.

"ज्याने जांभळं ठेवली ना, त्याच्यामुळे झालं हे," प्रांजल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला रागही आला होता.

"असं व्हावं, असं त्याच्या मनात नव्हतं, प्रांजल."

"पण झालं ना?"

"हो," गुरुजी म्हणाले. "झालं."

*

बेसिनवर लिंबू होतं. भामाने त्याला हात लावला नाही. दुपारचं जेवण झाल्यावर पूर्वी आणि इरा आत झोपल्या होत्या, मितेश कामावर होता. कमळाकर दारातल्या खुर्चीवर टोपी हातात घेऊन बसला होता. भामा त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"अवो."

"हं."

"त्याचं तोंड कुठल्या अंगाला ठेवलं व्हतं?"

कोणाचं, असं कमळाकरने विचारलं नाही. तो टोपीची कड बोटांत धरून फिरवत राहिला. टोपी पूर्ण फिरून आली तरी तो फिरवत होता.

"डोंगराच्या," तो म्हणाला. मग टोपी थांबवून, "दादू बोलला, उजेड तिकडनं येतो."

भामाने मान हलवली. तिच्या मांडीवरचे जांभळे तळवे कमळाकरने पाहिले, आपली टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. ती दोघं तशीच बसून राहिली, पोरी उठेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाने पिशवी घेतली नाही. पत्र्याचा रिकामा डबा आणि एक काठी घेतली. ती भरावावर गेलीच नाही. रस्ता ओलांडून ती पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली, जिथून माकडं खाली उतरायची.

कानतुटकी पुढे होती. भामाला पाहून ती थांबली, पण घाबरली नाही. मोरीवर बसणारी ही बाई तिच्या ओळखीची होती. ती आणखी दोन पावलं पुढे आली आणि भामाच्या अंगावरून पलीकडे, भरावाकडे पाहू लागली.

"हाड!" भामा म्हणाली.

आवाज नीट निघाला नाही. तिने डबा वाजवला. मागची माकडं दचकून झाडांवर चढली. कानतुटकी जागची हलली नाही.

"जा. नाय हाय तिकडं काय. जा!"

भामाने खाली वाकून दगड उचलला आणि फेकला. तो कानतुटकीच्या पुढ्यात पडला, तिला लागला नाही. कानतुटकीने दगडाकडे पाहिलं, भामाकडे पाहिलं, आणि ती सावकाश वळली. तिच्यामागून टोळी वळली. सगळ्यांत शेवटी ती पिल्लू धरलेली होती. तिला तीन पायांवर चढण चढायला वेळ लागत होता. ती झाडीत जाईपर्यंत भामाने डबा पोटाशी धरून ठेवला, वाजवला नाही.

जांभळांचे दिवस संपेपर्यंत ती रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहिली. हळूहळू माकडं लांबूनच तिला बघून मागे फिरू लागली. पिल्लू धरलेली पुढे कधीतरी रिकाम्या हातांनी दिसली.

"आये, तू माकडं हाकलतेस?" मितेश हसत घरी आला. "सुपरवायझर जाम खूश हाय. तुमच्या मदरला थँक यू सांगा बोलला. शिट्टी आनू का तुला चांगली?"

"नको. डबा बरा हाय."

बेसिनवर त्या दिवशीही लिंबू होतं. भामाच्या हातांवर नुसती धूळ होती. तिने लिंबू पाण्यात पिळलं, साखर-मीठ घातलं आणि पेला कमळाकरला नेऊन दिला. त्याने पेल्यात पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं आणि घोट घोट करून सगळं प्यायला.

*

पुढच्या वर्षी जांभळं पिकली तेव्हा भामा रिकाम्या हातांनी मोरीवर जाऊन बसली. माकडं आली नाहीत. त्यानंतरही आली नाहीत. कानतुटकी थकली असेल, गेली असेल, किंवा गेल्या वर्षीचं तिने लक्षात ठेवलं असेल. भामाच्या मनात होतं तसंच सगळं झालं होतं.

ती उठून भरावावर चढली. यार्डाची भिंत आता या टोकाला येत होती, खांबांसाठी खड्डे खणून झाले होते. ती जिथे दरवर्षी जांभळं ठेवायची तिथे जायला निघाली आणि मध्येच थांबली. ती थोडी इकडे चालली, थोडी तिकडे चालली. मोरीपासून सरळ यायचं, की जरा डाव्या हाताला? रुईची झुडपं खणताना निघून गेली होती. सगळीकडे खडी सारखीच दिसत होती. इतकी वर्षं ती रुईच्या खुणेवर जांभळं ठेवायची आणि कानतुटकी तिथेच येऊन थांबली, की जागा बरोबर असल्याचं तिला कळायचं.

"आजी! ए आजी!"

रस्त्याच्या पलीकडून इरा हाका मारत होती. गुरुजींची मुलं पायथ्याशी जमली होती.

"चल ना वर. तुला एक गंमत दाखवायचीय. गुरुजी, सांगा ना हिला."

"चढ आहे थोडा, वहिनी," गुरुजी म्हणाले. "पण बसत बसत जाता येईल."

भामा बसत बसत गेली. इरा पुढे धावायची, परत यायची, तिचा हात धरून ओढायची. कातळावर पोचल्यावर भामाला आधी दम घ्यावा लागला. मग तिने पाहिलं. कातळाच्या भेगांतून, कडेच्या मातीतून, सगळीकडे जांभळाची रोपं उगवली होती. कोवळी, तांबूस पानांची. काही वीतभर, काही गुडघ्याएवढी. मुलांनी त्यांच्याभोवती दगड रचून ठेवले होते.

"माकडांनी लावली," इरा म्हणाली. "थुंकून थुंकून. ही बारकी आहेत ना, ही त्या बाजारातल्या जांभळांची. पण इकडे ये. हे बघ."

कातळाच्या पलीकडच्या अंगाला एक झाड उभं होतं. खोड मनगटाएवढं, आणि शेंडा इराच्या डोक्याच्या वर. इरा त्याला पाठ लावून उभी राहिली आणि टाचा उंच केल्या, तरी तिचा हात शेंड्याला पोचत नव्हता.

"हे जुनं आहे. गुरुजी म्हणाले, भरावाच्या आधीचं. म्हणजे आपल्या शेतात होती ना जांभळी, तिचं आहे हे. ती तोडायच्या आधीच माकडांनी इथे आणून ठेवलं होतं!"

भामाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी दुसऱ्या मुलांना एका पानावरचा किडा दाखवत होते.

ती त्या झाडाशेजारी कातळावर टेकली. इथून खाली सगळं दिसत होतं. कंटेनरचे ढीग, रस्ता, नाला, आणि अलीकडे तो सपाट भराव. त्यात जागा कुठली, ते इथूनही ओळखू येत नव्हतं. पण तिकडे कुठेही उभं राहून डोंगराच्या अंगाला तोंड केलं, तर समोर हाच कातळ येत होता.

"आजी, आम्ही सगळ्यांची नावं ठेवतोय," इरा तिला चिकटून बसत म्हणाली. "प्रांजलच्या झाडाचं नाव पिंट्या. काहीही! हे सगळ्यांत मोठं आहे, याला मस्त नाव पाहिजे. काय ठेवू?"

भामाने हात पुढे करून एक पान दोन बोटांत धरलं. ते ऊन लागून कोमट झालं होतं.

"ह्याला हाय नाव," ती म्हणाली.

"आहे? कोणी ठेवलं?"

"मी."

"मग सांग ना. काय आहे?"

भामाने इराच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं आणि बुंध्याशी थोडं थोडं पाणी घातलं. माती ते पिऊन घ्यायची, मग ती आणखी घालायची. बाटली रिकामी झाल्यावर तिने झाकण लावून ती इराला परत दिली.

"उद्या तुझ्या बापाला घेऊन ये हितं," ती म्हणाली. "त्याच्यासमोर सांगते."